सेल दसऱ्याचा, पैसा कापसाचा

अगं, रात्री अकराला पाठवलेला तुझा लॅपटॉपच्या सेलचा स्क्रीनशॉट पाहिला. 64,990 वर काट, खाली 39,990, त्याच्याखाली लाल आकड्यांत उलटं पळणारं घड्याळ, आणि तुझा मेसेज, ‘ताई, घेऊन टाकू?’ काहून इतकी घाई?

काट मारलेला आकडा आधी डोक्यातून काढ. ती नुसती छापील किंमत. सेल नसलेल्या दिवशी तोच लॅपटॉप केवढ्याला मिळतो ते पाहा, यवतमाळला गेलीस की दत्त चौकाकडच्या एखाद्या दुकानात विचार. मग समजेल, सूट पंचवीस हजारांची आहे की चार हजारांची. चार हजारही काही कमी नाहीत म्हणा.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. हे मोठे सेल येतात दसरा-दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा आपल्या घरी काय असतं? सीतादहीची पूजा झालेली, पहिली वेचणी सुरू, मजुरी रोख द्यायची आणि बाबांचा खिसा रिकामा. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे तुझा लॅपटॉप झाला जवळजवळ पाच क्विंटल कापूस, तोही अजून बोंडातच.

तू म्हणशील, बिनव्याजी हप्ते आहेत ना. बँक व्याज लावतेच गं. तेवढी रक्कम सुरुवातीला सूट म्हणून वजा दाखवतात, इतकंच. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुझ्याच माथी, बहुतेक ठिकाणी प्रोसेसिंग फी वेगळी. एखादा हप्ता चुकला की दंड. दुसरा सेल 26 जानेवारीच्या आसपास येतो, तोवर निदान अर्धा कापूस विकून झालेला असतो. तेव्हा हजारभर रुपये जास्त पडले तरी मी रोखीनेच घेईन.

आता घ्यायचा कसा ते ऐक. तुझं काम काय, तर दुकानाचे टॅलीचे हिशेब, बीकॉमचे ऑनलाईन वर्ग आणि रात्री सिनेमा. टॅलीला विंडोज लागतं, म्हणून स्वस्तातल्या क्रोमबुकच्या नादी लागू नकोस. प्रोसेसरच्या नावात मात्र फार फसवणूक आहे. रायझन 5 7520यू हा आकडा 5625यू पेक्षा मोठा दिसतो, पण आत जुन्या झेन 2 रचनेचे चारच कोअर. 5625यू मध्ये झेन 3 चे सहा. 7000 च्या मालिकेत तिसरा आकडा पाहायचा : 2 असेल तर जुनं, 3 किंवा 4 असेल तर चांगलं. इंटेलचा बाराव्या पिढीचा आय3 सुद्धा तुला पुरून उरेल. रॅम 8 जीबी असेल तर एक स्लॉट रिकामा आहे का, ते विचार. बोर्डावरच डाकलेली असेल आणि स्लॉट नसेल, तर पुढे वाढवता येत नाही. अशा वेळी सरळ 16 चा घे. एसएसडी 512 जीबी. पडदा आयपीएसच हवा, नाहीतर आई शेजारी बसून सिनेमा पाहायला लागली की तिला कडेने सगळं काळपटच दिसेल. आणि लाईन जाते आपल्याकडे, तेव्हा बॅटरी किती वॅट-अवरची ते वाच. 50 च्या आसपास असेल तर बरं.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत सापडायची नाही. माझा पहिला लॅपटॉप आठवतो? समोरच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला आणि मी त्या ढिगावर लोळत सिनेमे पाहायची. दोन वर्षांत पंखा घरघरायला लागला, मग यंत्र तापून आपोआप बंद. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं तर जाळीवर रुईची जाड गादी! ‘ताई, यात समईच्या वाती होतील,’ म्हणाला. हसला, आणि अठराशे रुपये घेतले. तू तुझा नवा लॅपटॉप माजघरात, टेबलावर ठेव. मे महिन्यात पारा 44-45 ला जातो तेव्हा दुपारी गादीवर ठेवून वापरू नकोस, आणि चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये असेल तर लावून घे.

वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे का, आणि आपल्या दिग्रसच्या पिनकोडला लागू आहे का, ते पैसे भरण्याआधी पाहा. नाहीतर बिघडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन एसटीने अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागेल. खोकं उघडताना दादाला व्हिडिओ काढायला लाव, अगदी सील फोडण्यापासून. भांडायची वेळ आलीच तर 1915 ही ग्राहक हेल्पलाईन आहे. 2019 च्या कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या ग्राहक आयोगात करता येते. विकणारा बंगळुरूत बसला असला तरी.

बाबांना इतक्यात सांगू नकोस. ते नाही म्हणायचे नाहीत, उगाच ओला कापूस पडेल भावात देऊन टाकतील.

आणि हो, तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये प्रोसेसरचं नाव अर्धंच आलंय. ‘यू’च्या आधीचे चार आकडे पाठव. घड्याळ संपलं तर संपू दे, मी जागीच आहे.