उतरलेले कपडे आणि निवडलेले कपडे

(द्वितीय वर्ष, कला)

अंगावरचे कापड ही माणसाची गरज असते, तशी ती त्याची प्रतिष्ठाही असते. खेड्यातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला हे फार लवकर कळते. करमाळ्याच्या एस.टी. स्टँडवर उतरणाऱ्या मुलांच्या पायांकडे पाहिले, तरी कोणाच्या घरी उसाचे बिल आले आणि कोणाचे वडील रोजाने जातात, याचा अंदाज येतो. नामांकित कंपनीचे नवे कपडे व बूट आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे असतात. अशा वेळी चांगल्या प्रतीची वापरलेली वस्तू पारखून घेणे हा एक मार्ग आहे. त्याची माहिती द्यावी आणि त्याबद्दल वाटणारी लाज कितपत खरी आहे हे तपासावे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे कपडे येतात कोठून, ते पाहू. मुंबई-पुण्यात बोहारीण दारोदार फिरून भांड्यांच्या मोबदल्यात जुने कपडे घेते. मग त्यांची निवड होते. चांगले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा विक्रीस जातात आणि अगदी फाटके पुसण्याच्या चिंध्या म्हणून कारखान्यांत जातात. लोकरीच्या जुन्या कपड्यांपासून हरियाणातील पानिपत येथे पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटे विणतात. याखेरीज निर्यातीसाठी शिवलेला, पण किरकोळ दोषामुळे मागे राहिलेला मालही लेबल कापून रस्त्यावर विकला जातो. पुण्यातील मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार तर रविवारी व बुधवारी भरणारा बाजार म्हणून सर्वश्रुत आहे.

माझे मामा हडपसरला असतात. त्यांच्याबरोबर जाऊन मी १८० रुपयांस एक सुती शर्ट आणला. बाह्या आखूड करण्याचे शिंप्याने ४० रुपये घेतले. दीड वर्ष झाले, शर्ट अजून उत्तम आहे.

पारख कशी करावी? कॉलरची घडी, कफ आणि काख आधी पाहावी. पँटचे बूड उजेडात धरावे. कापड विरले असेल तर उजेड आरपार दिसतो. नंतर कपडा उलटा करावा. टाके बारीक व सरळ असतील, शिवणीत कापड राखलेले असेल, तर तो उसवून बेताचा करता येतो. तुटलेले बटण, उसवलेली शिवण, जास्त उंची हे दोष किरकोळ समजावेत. खांद्याचे माप चुकले असेल तर मात्र कपडा सोडून द्यावा. लेबल पाहून भुलू नये. खोटे लेबल लावणे सोपे असते, खोटी शिवण लपवणे अवघड. मोबाईलवरही असे कपडे मिळतात, पण तेथे कापड हाताला लागत नाही. घरी आणल्यावर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

बुटांच्या बाबतीत अधिक जपावे. टाच एका बाजूने झिजली असेल किंवा आत दुसऱ्याच्या पायाचा ठसा बसला असेल, तर बूट कितीही मोठ्या कंपनीचा असला तरी घेऊ नये. चांगला न मिळाल्यास नवी कोल्हापुरी चप्पल घ्यावी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला दाखविल्या आणि टीका झाल्यावर त्यामागे भारतीय कारागिरांची परंपरा असल्याचे मान्य केले. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यातील जिल्ह्यांत आपला सोलापूरही आहे.

आता लाजेविषयी. माझी आजी म्हणते, "दुसऱ्याचं उतरलेलं अंगाला लावू नये, बाळा." तिच्या बोलण्यात केवळ सोवळेपणा नाही. तिने वाड्यांवर राबून मजुरीऐवजी जुनी लुगडी घेतलेली आहेत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा आणि इतर स्त्रियांप्रमाणे नीटनेटके लुगडे नेसण्याचा उपदेश केला. वस्त्राचा प्रश्न हा माणुसकीचा प्रश्न होता, हे यावरून ध्यानात येते.

म्हणून मी आजीचे म्हणणे खोडून काढीत नाही. परंतु दिलेले आणि निवडलेले यांत फरक आहे, असे मला नम्रपणे वाटते. दिलेले नाकारता येत नाही. बाजारात मात्र आपण कपडा उलटून पाहतो, भाव करतो आणि न पटल्यास पुढे जातो. आजीला ती मुभा कधीच नव्हती.

शेवटी एक सूचना करतो. वर्षाच्या सुरुवातीला आपल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी आपले सुस्थितीतील कपडे व बूट विक्रीस मांडावेत. फुकट वाटू नयेत. किंमत दहा-वीस रुपये असली तरी चालेल, पण ती असावी. म्हणजे घेणाऱ्याला निवड करता येईल आणि कोणाचे उपकार मानावे लागणार नाहीत.