मला वकिलाची भूमिका द्या

१. संहिता आधी हातात पडू द्या.
मी जन्मांध आहे. नाटकात काम करतो, आवाज देतो. ऑडिशनला ऐन वेळी छापील पान पुढे आलं की माझा अभिनय कुणाला दिसतच नाही. तीच पानं आदल्या दिवशी युनिकोडमध्ये मोबाइलवर आली, तर स्क्रीन रीडर ती वाचतो आणि मी पाठ करून येतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल मात्र पाठवू नका, त्यातून नुसती निरर्थक अक्षरं ऐकू येतात.

२. रंगमंच पायांना कळतो.
सतरंजीखाली सुतळी चिकटवलेली असली की पुढे कड आहे हे तळव्याला समजतं. पूर्वी हॅलोजन दिव्यांची ऊब गालाला लागायची. त्यावरून मी प्रकाशात उभा आहे हे ओळखायचो. एलईडी दिवे आले आणि ती खूण गेली. आता सहकलाकाराचा आवाज कुठून येतो, त्यावर जागा धरतो. म्हणून तालमीत ठरलेली खुर्ची प्रयोगात वीतभरही हलू नये. दौऱ्यावर प्रत्येक गावचा रंगमंच वेगळा असतो. पडद्यामागची धावपळ सुरू होण्याआधी तो मला मोकळा चालून बघू द्यावा. एवढं केलं की हाताला धरून न्यायला कुणी लागत नाही. दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक अंध कलाकारांना घेऊनच रंगमंचावर आणलं. हे होतं का, असा प्रश्न आता कुणी विचारू नये.

३. आमच्या भूमिकांसाठी आम्हालाही बोलवा.
‘स्पर्श’ चित्रपटातल्या अंध मुख्याध्यापकाच्या भूमिकेसाठी नसीरुद्दीन शाह यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण २०१४च्या ‘यलो’ चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली, तेव्हा तिच्यासारख्या मुलींच्या आयांना काय वाटलं असेल, याचाही विचार करा.

४. विनोद जरूर करा, पण लिहिताना आम्हाला विचारा.
अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी विनोदा-विनोदातला फरक सांगितला: अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा, अपंग माणसाला हिणवणारा वेगळा.

५. अंधत्व म्हणजे कथानक नव्हे.
माझ्याकडे येणारी पात्रं बहुतेक दोनच प्रकारची: दया यावी अशी, नाहीतर सगळ्यांना धडा देणारी. मला भाडं वाढवणारा घरमालक करायचाय, लग्नात रुसलेला मामा करायचाय. अंध वकील आपल्या कोर्टांत रोज उभे राहतात, मग मालिकेतल्या कोर्टात का नकोत?

निर्मात्यांनो, पुढच्या ऑडिशनच्या जाहिरातीत एक ओळ वाढवा: अपंग कलाकारांनीही यावे, संहिता आधी पाठवली जाईल. आम्ही येऊ.