पेकानचे झाड आणि एका गुलामाचे हात

पेकान हे अक्रोडाच्या कुळातील उंच झाड. मूळ उत्तर अमेरिकेचे. त्याच्या फळातील गर खातात. त्याला हिवाळ्यात चांगली थंडी लागते, म्हणून भारतात ते हिमाचल, काश्मीरकडे लावतात.

बी पेरून वाढविलेल्या पेकानला मूळ झाडासारखेच फळ येईल, असे नसते. त्यासाठी उत्तम झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर बांधावी लागते. तासगावच्या द्राक्षबागांत कलमे करणाऱ्या आपल्या बांधवांना हे सांगावयास नको.

पेकानची कलमे प्रथम यशस्वी केली ती लुइझियानातील ओक ॲली मळ्यावरील अंत्वान या गुलाम माळ्याने. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याने १६ झाडांवर कलमे बांधली. त्याच वाणाचा १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात गौरव झाला व त्यास 'सेंटेनियल' हे नाव मिळाले. अंत्वानची नोंद मात्र मालकाच्या मालमत्तेच्या यादीत, किमतीसह आहे. त्याचे आडनावही आपणांस ठाऊक नाही.

ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातील कटगुण, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. तो का, हे अंत्वानच्या कथेवरून कळते. कसब एकाचे आणि मान दुसऱ्याचा, ही रीत आपल्या गावगाड्यातही होतीच.

म्हणून विद्यार्थी मित्रांना आम्ही एक अभ्यास देतो. आपल्या आजी-आजोबांच्या अंगी कोणते कसब होते ते विचारा आणि त्यांच्या पूर्ण नावासह वहीत लिहून ठेवा.

जयभीम!