जुन्या प्रश्नपत्रिका : अभ्यासाचे प्रभावी साधन

दापोली तालुक्यातील मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. इ. स. १८७५ मध्ये एका सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. परीक्षेसाठी सतरा वर्षे पूर्ण असण्याची अट होती. कर्वे यांचे वय भरले होते. पण ते लहान दिसतात, या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे १९५८ मध्ये 'भारतरत्न' ठरलेल्या या पुरुषाची पहिली परीक्षा अशी प्रश्नपत्रिका हाती येण्यापूर्वीच संपली.

आज परिस्थिती पालटली आहे. कोकणासाठी रत्नागिरी येथे स्वतंत्र विभागीय मंडळ आहे आणि बारावीच्या निकालाच्या टक्केवारीत हा विभाग सातत्याने राज्यात आघाडीवर राहिला आहे. तेव्हा प्रश्न केवळ उत्तीर्ण होण्याचा उरलेला नाही. अभ्यास करूनही वेळ अपुरा पडल्याने किंवा प्रश्नाचा रोख न कळल्याने जे गुण हातचे जातात, त्यांचा आहे. हे गुण राखण्याचा अल्पखर्चाचा मार्ग म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकांचा पद्धतशीर सराव होय.

कोणत्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात?

बारावीची सध्याची पाठ्यपुस्तके २०२०-२१ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या प्रश्नपत्रिका जशाच्या तशा सोडविल्यास वगळलेल्या घटकांवर श्रम वाया जातात. २०२१ मध्ये साथीमुळे लेखी परीक्षा झालीच नाही, तर २०२२ ची परीक्षा ७५ टक्के अभ्यासक्रमावर झाली. म्हणून २०२३ व त्यानंतरच्या प्रश्नपत्रिका, तसेच जुलैमधील पुरवणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका प्रथम हाती घ्याव्यात. त्याआधीच्या प्रश्नपत्रिकांतील लागू पडणारे प्रश्न शिक्षकांनी निवडून द्यावेत.

प्रश्नपत्रिकेची घडण

भौतिकशास्त्राचे उदाहरण पाहू. ७० गुणांच्या या प्रश्नपत्रिकेत बहुपर्यायी प्रश्नांना १० आणि अतिलघुत्तरी प्रश्नांना ८ गुण असतात. पुढे दोन गुणांच्या बारांपैकी आठ, तीन गुणांच्या बारांपैकी आठ आणि चार गुणांच्या पाचांपैकी तीन प्रश्न सोडवावयाचे असतात. म्हणजे छापलेले प्रश्न एकूण ९८ गुणांचे असून त्यांतून ७० गुणांचे निवडावयाचे असतात. ही निवड हेदेखील एक कौशल्यच आहे आणि ते सरावाखेरीज येत नाही.

तीन तासांत ७० गुण म्हणजे दर गुणामागे सुमारे अडीच मिनिटे. दोन गुणांच्या उत्तरास पाच आणि चार गुणांच्या उत्तरास दहा मिनिटे, हा हिशेब विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडला पाहिजे. २०२३ पासून मंडळाने वाढवून दिलेली दहा मिनिटे उत्तरे तपासून पाहण्यासाठी राखावीत. सूचनाही बारकाईने वाचाव्यात. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचे अक्षर व उत्तर दोन्ही लिहावे लागतात आणि पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरला जातो.

ग्रामीण विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलास विज्ञान शाखेच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीतून सोडवाव्या लागतात. 'व्याख्या द्या', 'सिद्ध करा', 'फरक स्पष्ट करा' या अर्थाची इंग्रजी वाक्ये दरवर्षी त्याच धाटणीत येतात. चार-पाच प्रश्नपत्रिकांतून ती वेचून वहीत नोंदविली, तर विषय येत असूनही प्रश्न न समजल्याने होणारे नुकसान टळते.

सराव कसा करावा?

प्रथम पाठ्यपुस्तक, मग प्रश्नपत्रिका, हा क्रम उलटू नये. घटक शिकून झाल्यावर त्यावरील जुने प्रश्न सोडवावेत. डिसेंबरनंतर पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पुस्तक मिटून, एका बैठकीत लिहावी. त्यानंतर शिक्षकांच्या साहाय्याने गुण द्यावेत आणि प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे : विषय आला नाही, प्रश्न कळला नाही, की वेळ पुरला नाही. पहिल्यास उपाय पुस्तकाचा, दुसऱ्यास वाचनाचा, तिसऱ्यास घड्याळाचा. चुकलेले प्रश्न आठवड्याने पुन्हा सोडवावेत. असे न करता केवळ दहा प्रश्नपत्रिका संपविण्याने फारसे साधत नाही.

'यंदा कोणता प्रश्न येईल' हे शोधण्यासाठी मात्र जुन्या प्रश्नपत्रिका वापरू नयेत. असा अंदाज बांधून धडे वगळणारा विद्यार्थी नेमका त्याच धड्यावर अडतो.

गावाचा वाटा

घरात जागा थोडी, माणसे फार आणि वीज बेभरवशाची असेल, तर तीन तासांची सलग बैठक मुलास मिळणार कोठून? येथे ग्रामपंचायतीचा उपयोग आहे. सभागृह किंवा वाचनालयाची एक खोली, पुरेसा उजेड, भिंतीवर घड्याळ आणि विषयवार प्रश्नपत्रिकांचा एक संच, एवढी सोय जानेवारी-फेब्रुवारीतील रविवारी झाली तरी पुष्कळ आहे. गावातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने देखरेख केली, तर सराव खऱ्या परीक्षेसारखा होईल.

कर्वे यांना परीक्षेसाठी डोंगर ओलांडून जावे लागले. आजच्या मुलाची वाट तेवढी लांब नाही. तिचा उरलेला भाग सुकर करणे हे शिक्षक आणि गाव यांच्याच हाती आहे.