निवृत्ती : सातव्या दिवसाचा आनंद



घरभेटीला जातो तेव्हा एक दृश्य आम्हाला हमखास दिसते. नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ ओट्यावर बसून चहा घेत असतात. आम्हाला पाहताच ते घाईघाईने कप खाली ठेवतात आणि चोरी पकडली गेल्यासारखे म्हणतात, “काय करणार फादर, आता रिकामाच आहे.” ज्या माणसाने पस्तीस वर्षे पहाटेची लोकल पकडून विरार ते चर्चगेट हा ६० किलोमीटरचा प्रवास बहुधा उभ्यानेच केला, त्याला आज स्वतःच्या ओट्यावर निवांत चहा घेण्याचीही लाज वाटते!

असेच एकांनी आम्हाला विचारले, “फादर, आता माझा उपयोग काय?” आम्ही चटकन म्हणालो, “या ना, चर्चमध्ये खूप कामे आहेत.” ते हसले, पण त्यांचे समाधान झाले नाही. परतताना आमच्या लक्षात आले, की आपले उत्तर चुकले. काम असेल तरच माणसाला किंमत, हीच त्यांची समजूत आम्ही पक्की केली होती.

या प्रश्नाचे खरे उत्तर पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानांवर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे देवाने मनुष्याला सहाव्या दिवशी निर्माण केले आणि सातव्या दिवशी त्याने विसावा घेतला (उत्पत्ती १:२६–२:३). याचा अर्थ काय? देवासाठी तो सातवा दिवस होता; पण मनुष्याच्या आयुष्यातला तो पहिलाच पूर्ण दिवस होता. अजून त्याने कुदळ हाती घेतली नव्हती, काही कमावले नव्हते. तरीही देवाने आपला विसाव्याचा दिवस त्याच्यासमोर ठेवला. विसावा हा केवळ कामाचा मोबदला नाही. आधी ते देवाचे दान आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल (ख्रि. पू. ३८४–३२२) यांनीही हेच तर्काने मांडले. आपण कामात गुंततो ते अखेर निवांतपणा लाभावा म्हणून, असे त्यांचे म्हणणे. निवांत वेळेला ग्रीक भाषेत ‘स्कोले’ म्हणत. ‘स्कूल’ हा शब्द त्यावरूनच आला. म्हणजे निवांत वेळ ही रिकामी जागा नसून शिकण्याची आणि नीट पाहण्याची वेळ आहे.

उपदेशकाच्या पुस्तकात खाणेपिणे आणि आपल्या श्रमांत सुख मानणे ही देवाची देणगी म्हटली आहे (३:१३). संत योहानाच्या शुभवर्तमानात तर याहून सुंदर प्रसंग आहे. पुनरुत्थित प्रभू पहाटे सरोवराच्या काठी येतो. क्रुसावरील कार्य पूर्ण झाले आहे, मरणावर विजय मिळाला आहे. आणि प्रभू काय करतो? निखाऱ्यांवर मासळी ठेवून थकलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो (योहान २१:९-१२). प्रभूला जी न्याहारी क्षुल्लक वाटली नाही, ती आपल्याला का वाटावी?

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २८ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी पदत्याग केला. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देवाघरी जाईपर्यंतची बहुतेक वर्षे ते व्हॅटिकनमधील एका मठात राहिले. प्रार्थना, वाचन, बागेतला फेरफटका, पियानो असे त्यांचे साधे दिवस होते. अधिकार गेला म्हणून त्या दिवसांचे मोल कमी झाले नाही.

आपल्या वसईत अशा आनंदांना काय तोटा? सकाळची मिस्सा आटोपून रमतगमत घरी येणे, वाटेत ओळखीच्या मासळीवालीशी घासाघीस करणे, बावखलाच्या काठी नातवाला खंड्या दाखवणे. आमच्या ओळखीच्या एका काकांनी निवृत्तीनंतर राजेळी केळ्यांची सुकेळी करायचा ध्यास घेतला. पहिल्या खेपेला सगळी केळी वाया गेली. तेव्हा त्यांनी आपल्या वृद्ध आईला उन्हात खुर्ची टाकून बसवले आणि तिच्याकडून धडे घेतले. सुकेळी पुढे जमली, पण काका सांगतात, “आईशी एवढं बोलणं उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.”

मात्र एक सावधगिरी हवी. पुरुष निवृत्त होतो, त्याच्या पत्नीला कोण निवृत्त करतो? आपल्या निवांतपणासाठी तिला दिवसातून पाच वेळा चहा ठेवावा लागत असेल, तर तो शब्बाथ अपुरा आहे. मुलांनीही आईवडिलांना बिले भरणारे आणि नातवंडे सांभाळणारे बिनपगारी नोकर समजू नये. शिवाय आपल्यात पेन्शन नसलेले, अंथरुणाला खिळलेलेही आहेत. त्यांना ‘मजा करा’ असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. त्यांचा आनंद त्यांच्या दारापर्यंत पोहोचवणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला, तो जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. पण दारावर थाप मारायला जुलैची वाट कशाला पाहायची?

या आठवड्यासाठी तीन गोष्टी :

१. दिवसातली एक साधी गोष्ट घाई न करता अनुभवू या आणि तिच्यासाठी देवाचे आभार मानू या.

२. निवृत्त बांधवांनी एक दिवस स्वतः चहा करून पत्नीला ओट्यावर बसवावे.

३. घराबाहेर पडू न शकणाऱ्या एका शेजाऱ्याकडे अर्धा तास बसून यावे. उपदेश करायला नव्हे, गप्पा मारायला.

आणि हो, पुढच्या वेळी आम्ही घरभेटीला येऊ तेव्हा कप खाली ठेवू नका. आमच्यासाठीही अर्धा कप टाका.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू