सालईचा नमुना आणि गावाचे नाव

सालई हा सुगंधी डिंक देणारा वृक्ष कोरड्या पानगळीच्या वनांत आढळतो. त्याचा नमुना एका फेरीत पुरा होत नाही. फुलोऱ्याच्या वेळी फांद्या बहुधा निष्पर्ण असतात. म्हणून खूण केलेल्या त्याच झाडाची पाने पावसाळ्यात घ्यावी लागतात. दाबून वाळविलेली फांदी जाड कागदावर चिकटवून स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव नोंदवितात.

यांपैकी स्थळाची नोंद विशेष महत्त्वाची होय. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वी कळमनुरी वा औंढा परिसरात घेतलेल्या नमुन्याचा जिल्हा परभणीच ठरतो. जिल्ह्याच्या सीमा बदलतात. गाव व शिवार लिहिलेले असेल, तरच पुढील अभ्यासकाला त्या वृक्षाचा ठाव लागतो.