टीआरपी आणि प्रसारणवेळ : ‘शक्तिमान’चे उदाहरण

टीआरपी म्हणजे संपूर्ण प्रेक्षकवर्ग नव्हे, तर नमुन्यावरून केलेले त्याचे अनुमान होय. निवडक घरांतील दूरचित्रवाणी संचांना मीटर जोडून कोणता कार्यक्रम किती जणांनी व किती वेळ पाहिला, याची नोंद घेतली जाते. जाहिरातींचे दर ठरवताना हा आकडा पाहतात. म्हणून मालिकेची वेळ व आयुष्यही त्यावर अवलंबून असते.

अतिमानवी शक्ती व विज्ञानकल्पना यांची सांगड घालणारी ‘शक्तिमान’ ही मालिका दूरदर्शनवर १९९७ ते २००५ या काळात चालली. रविवारी दुपारी बारा ही तिची ओळखीची वेळ. शाळेला सुटी असे आणि केबल नसलेल्या घरांतही दूरदर्शन दिसत असे. मीटर मात्र तेव्हा शहरी घरांतच होते. ‘बार्क’ या संस्थेने ग्रामीण घरे मोजणीत आणली ती २०१५ मध्ये. म्हणजे जळगाव-धुळ्याकडील खेड्यात एका संचासमोर सारी गल्ली जमली, तरी मीटरच्या आकड्यात तिला स्थान नव्हते.

म्हणून ‘लोकप्रिय’ आणि ‘अधिक टीआरपीची’ ही विशेषणे समानार्थी नाहीत. माध्यमविषयक लेखन करताना हा भेद पाळावा.

स्वयं-अध्ययन : आपल्या वस्तीतील पाच घरांत रात्री आठ वाजता काय पाहिले जाते, याची नोंद करा. त्यावरून संपूर्ण गावाविषयी कोणते विधान करता येईल आणि कोणते करता येणार नाही, ते लिहा.